अर्धा माल ड्रममध्ये, अर्धा फरशीवर

आमच्या कारखान्यातून ड्रम भरून जे बाहेर पडतं त्याला बिलावर ‘फ्लोअर पॉलिश’ म्हटलेलं असतं. पण खरं सांगायचं तर तोवर त्याचं पॉलिश झालेलंच नसतं. ड्रममध्ये असतं एक दुधाळ, निळसर झाक असलेलं, झाकण उघडताच अमोनियाचा भपका देणारं पाणी. शंभर किलोत वीसेक किलो ऐवज, बाकी बहुतेक पाणीच. त्या ऐवजाचा पातळ, कडक, पारदर्शक पापुद्रा होतो तो कुठल्या तरी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, रात्री एक-दीडच्या सुमाराला, मॉप मारणाऱ्या माणसाच्या हातून. म्हणजे आमच्या प्लांटचा शेवटचा ऑपरेटर आमच्या हजेरीपटावर नाही. त्याचं नाव आम्हाला ठाऊक नसतं, आमची रेसिपी त्याला ठाऊक नसते आणि माल चांगला की वाईट हे मात्र त्याच्या हातात असतं.

माझी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून झाली. एम.एस्सी. होताच तारापूर एमआयडीसीतल्या एका इमल्शन प्लांटला लागले. रंगासाठी, कापडासाठी, चिकटवण्यासाठी अशी नाना तऱ्हेची अ‍ॅक्रिलिक इमल्शनं तिथं निघायची. फ्लोअर पॉलिशचं त्यातलं एक, तेही कमी खपाचं. रिअ‍ॅक्टरमध्ये आधी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी आणि सरफॅक्टंट घ्यायचं, जॅकेटमध्ये वाफ सोडून ते ऐंशी अंशांच्या वर न्यायचं. वरच्या टाकीत मोनोमर कालवून तयार: मिथाइल मेथाक्रिलेट, ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट, बऱ्याचदा स्टायरिन आणि थोडं मेथाक्रिलिक अ‍ॅसिड. त्यातला थोडासा भाग आधी खाली सोडायचा, मागोमाग अमोनियम परसल्फेटचं द्रावण. मग शिफ्टमधला जो तो साइट ग्लासपाशी. काही मिनिटांत आतला पांढरा गढूळपणा ओसरतो आणि निळी छटा चढते. पॉलिमरचे कण जन्माला आल्याची ती खूण. हे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे. त्यांच्यावरून विखुरणारा उजेड निळा दिसतो. जुने ऑपरेटर नुसत्या निळाईवरून सांगायचे, आज बॅच बारीक बसली की जाड. लॅबमधून कणांच्या मापाचा आकडा यायला तास लागायचा आणि तो बहुधा त्यांच्याच बाजूनं असायचा.

निळाई आली की उरलेलं मोनोमर तीनेक तास बारीक धारेनं सोडत राहायचं. आता वाफ बंद, कूलिंग चालू, कारण ही रिअ‍ॅक्शन स्वतःची उष्णता स्वतःच देते. धार वाढवायचा मोह कुणाला झाला तर तापमान हाताबाहेर जातं आणि गाळणीच्या कापडावर गुठळ्यांचा ढीग उरतो. शेवटी उरलंसुरलं मोनोमर संपवण्यासाठी आणखी एक डोस, मग थंड करून गाळणं. एवढं सगळं करूनही ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटचा वास केसांत राहायचाच. बोईसरला गाडीत बसले की शेजारची बाई पदर नाकाला लावून जरा सरकून बसायची.

तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. मिथाइल मेथाक्रिलेट पॉलिमरला कडकपणा देतं, ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट मऊपणा. एकट्या पहिल्याचा पॉलिमर शंभर अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नरम पडत नाही, एकट्या दुसऱ्याचा उणे पन्नासलाही नरमच. फरशीवर चालायचं तर पापुद्रा कडक हवा, नाहीतर चपलांची धूळ त्यात रुतते. पण कण कडक असले तर पाणी उडून गेल्यावर ते एकमेकांत मिसळत नाहीत. फिल्म बनायच्या जागी पांढरी भुकटी उरते. मिसळायच्या वेळी मऊ आणि मिसळून झाल्यावर कडक, असा दुटप्पी कण हवा. ही सोय रिअ‍ॅक्टरमध्ये करता येत नाही. ती होते ब्लेंडिंगमध्ये. आणि म्हणूनच, थोडा पगार आणि थोडं घराचं अंतर हेही धरून, मी अंबरनाथच्या एका छोट्या युनिटमध्ये आले. हे युनिट इमल्शन विकत घेतं आणि त्याचं पॉलिश बनवतं.

ब्लेंडिंगला परकं माणूस बघायला आलं तर त्याची निराशाच होते. ना उष्णता, ना दाब. स्टीलची एक टाकी, वर हळू फिरणारा स्टरर, शेजारी वजनकाटा. सगळी मेख आहे ती काय कशाच्या आधी पडतं यात. आमचे ब्लेंडिंगचे मामा दहावी नापास, पण या क्रमाच्या बाबतीत कुणाचंही ऐकत नाहीत, मालकांचंही नाही.

“मॅडम, इमल्शन सगळ्यात शेवटी. घाई असली तरी शेवटीच.”

आधी डीएम पाणी. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह, कारण पाणी आणि सेंद्रिय माल एकत्र म्हटल्यावर जंतूंना आमंत्रणच. न घातलं तर दोन महिन्यांत ड्रममधून कुजका वास येतो. मग वेटिंग एजंट. मग ग्लायकॉल ईथर. हाच तो कणांना तात्पुरता मऊ करणारा पदार्थ, जो पुढे हवेत निघून जातो. आणि मग ट्रायब्युटॉक्सिइथाइल फॉस्फेट. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, आम्ही टीबीईपी म्हणतो. हा मात्र पापुद्र्यातच राहतो, त्याला थोडी लवचीकता देतो. टीबीईपी पाण्यात फारसा विरघळत नाही. ओतला की स्टररच्या भोवऱ्यात त्याच्या तेलकट रेघा गरगरताना दिसतात, हळूहळू त्या तुटून थेंब होतात, थेंबांचे आणखी बारीक थेंब होतात आणि शेवटी पाणी नुसतं धुरकट दिसू लागतं. मामा टॉर्च मारून बघत राहतात. एकही रेघ दिसेनाशी झाली की मगच इमल्शनच्या ड्रमला पंप लागतो. रेघा असतानाच इमल्शन सोडलं, किंवा इमल्शनवर ग्लायकॉल ईथर तसंच ओतलं, तर त्या जागी कणांना एकदम दणका बसतो, इमल्शन तिथल्या तिथे फुटतं आणि बारीक खडे धरतात. ते गाळून काढता येतात, पण जे डोळ्यांना दिसत नाहीत ते फरशीवर दिसतात.

डीएम पाण्यावरून आठवलं. अंबरनाथ एमआयडीसीला पाणी बारवी धरणाचं. ते एरवी फार जड नसतं. पण मे महिन्यात कपात सुरू झाली की टँकर येतात आणि टँकर कुठल्या बोअरवेलवरून भरून आला ते ड्रायव्हरलाच ठाऊक. तेव्हा डीएम प्लांटचं रेझिन लवकर दमतं. पाण्यातलं कॅल्शियम इमल्शनच्या कणांना एकमेकांकडे ओढतं. त्यामुळे उन्हाळाभर कंडक्टिव्हिटी मीटर माझ्या टेबलावर नसतो, टाकीच्या नळाला बांधलेला असतो.

वेटिंग एजंटविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण रेसिपीत सर्वांत कमी तेच असतं. हजार किलोच्या बॅचमध्ये त्याचा खरा ऐवज शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे 72 मिलिन्यूटन. हा चिमूटभर फ्लोरिनवाला पदार्थ तो विसाच्या आसपास आणून ठेवतो. म्हणून तर पॉलिश फरशीवर गोळा न होता सपाट पसरतं आणि मॉपच्या रेघा आपोआप भरून येतात. पूर्वी यासाठी वापरायची ती रसायनं पीएफओएस घराण्यातली होती. ती निसर्गात विघटित होत नाहीत आणि माणसाच्या रक्तात सापडतात हे पुढे आल्यावर 2000 साली थ्रीएम कंपनीनं त्यातून माघार जाहीर केली. 2009 मध्ये पीएफओएस स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. आता छोट्या साखळीचे फ्लोरो सरफॅक्टंट येतात. ते कमी वाईट आहेत असं म्हणतात. फ्लोरिनशिवायचे नमुनेही मी लावून पाहिले. पसरतात बरे, पण दुसऱ्या कोटाला अंग चोरतात.

शेवटी वॅक्सचं इमल्शन, पॉलिथिनपासून बनवलेलं. थोडंच असतं, पण बुटांच्या काळ्या रबरी खुणा कमी उठतात त्या त्याच्यामुळे. गंमत म्हणजे गिऱ्हाईक सगळ्या मालालाच अजून ‘वॅक्स’ म्हणतं. फोनवर विचारणा येते ती “मॅडम, वॅक्सचे दोन ड्रम पाठवा” अशी. त्यामागे शंभरावर वर्षांची सवय आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी 1886 साली सॅम्युएल जॉन्सन लाकडी पार्केट जमिनीच्या धंद्यात उतरला. जमीन घेतलेली गिऱ्हाइकं ती सांभाळायची कशी म्हणून विचारू लागली, तेव्हा त्यानं मेण विकायला सुरुवात केली. पुढे लोकांना जमिनीपेक्षा मेणच जास्त हवं झालं. त्या मेणातला मुख्य घटक ब्राझीलच्या कार्नाउबा ताडाचा आणि त्याच्या शोधात 1935 मध्ये त्या घराण्यातला तिसऱ्या पिढीचा माणूस स्वतः विमान घेऊन ब्राझीलला गेला होता. मेण घासून चमकवावं लागे, पिवळं पडे, पाण्यानं डागाळे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिमरची इमल्शनं आली आणि मेणाचा वाटा कमी कमी होत गेला.

खरी कलाटणी आली ती 1960 च्या दशकात, जस्तानं. आमच्या मालात मला आवडणारी एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी जस्त निवडीन.

अडचण अशी होती. फरशीवरचा थर रोजच्या पुसण्याला दाद देता कामा नये. पण तो झिजणार, काळवंडणार, ओरखडे पडणार; मग सहा महिन्यांनी, वर्षानं तो पूर्ण काढून नवा घालायचा असतो. काढताना खालचं व्हिनाइल खराब होता कामा नये. म्हणजे एकाच थरानं रोज घट्ट बसायचं आणि सांगितलं त्या दिवशी मुकाट निघायचं. मोनोमर सांगताना मी मेथाक्रिलिक अ‍ॅसिड म्हटलं होतं. त्याचे आम्लगट पॉलिमरच्या साखळीवर जागोजागी असतात. इमल्शनमध्ये जस्त घालतात ते अमोनियानं चहूबाजूंनी वेढलेल्या अवस्थेत. जोवर अमोनिया आहे तोवर जस्ताचे हात अडकलेले. ड्रममध्ये ते कुणालाच धरत नाही. म्हणून माल महिनोन्‌महिने पातळ राहतो. फरशीवर पसरला की पाण्याबरोबर अमोनिया उडून जातो. हात मोकळे झालेलं जस्त मग एका साखळीचा एक आम्लगट आणि शेजारच्या साखळीचा दुसरा, असे धरून ठेवतं. पापुद्रा कडक होतो. रोजच्या न्यूट्रल क्लीनरनं त्याला काही होत नाही.

काढायच्या दिवशी स्ट्रिपर ओतायचा. त्यात अमोनिया असतो किंवा त्याचं भावंड, मोनोइथॅनॉलअमाइन. हा जस्ताला पुन्हा आपल्याकडे ओढून घेतो, साखळ्या सुटतात, आम्लगट अल्कलीत फुगतात, आणि सोबतचा सॉल्व्हंट आत शिरून सगळं नरम करतो. दहा मिनिटांत कडक पापुद्र्याचा राखाडी चिखल. जो वास ड्रम उघडताना येतो तोच काढतानाही येतो. अमोनिया गेला की पकड बसते, आला की सुटते. इतकी साधी युक्ती, पण ज्यानं कुणी पहिल्यांदा योजली त्याला दाद द्यावी.

हे मी एकदा हॉस्पिटलच्या हाउसकीपिंगमधल्या एका मावशींना समजावून सांगत होते. साखळ्या वगैरे नाही, एवढंच, की हा थर फरशीऐवजी स्वतः झिजायसाठी असतो, आणि झिजला की दुसरा घालायचा.

“म्हणजे सारवणच की,” त्या म्हणाल्या. “आमच्या गावाकडं आठ दिवसांनी पुन्हा सारवायचं. खालची जमीन तशीच राहती.”

मला उत्तर सुचेना, कारण त्यांचं बरोबर होतं. फरक एवढाच, की सारवणावर सारवण चालतं. आमचा जुना थर कधी ना कधी पूर्ण काढून मगच नवा घालावा लागतो. आणि तक्रारी येतात त्या बहुतेक या निघण्याच्या वेळच्या.

त्या मावशींशी बोलणं झालं तेही तक्रारीमुळेच. ठाणे जिल्ह्यातलं हॉस्पिटल, ओपीडीचा लांब कॉरिडॉर, व्हिनाइल शीट. जुलैचा महिना. नवीन पॉलिश मारल्यावर आठवड्यातच पांढरे पट्टे, ट्रॉलीच्या चाकांच्या मागे भुकटी. पर्चेसवाल्या साहेबांनी फोनवरच निकाल दिला: माल खराब. त्याच बॅचचे ड्रम आणखी दोन ठिकाणी गेलेले आणि तिथून चकार शब्द नाही. राखून ठेवलेल्या सॅम्पलची मी काळ्या कार्डावर फिल्म ओढली, ग्लॉस मीटर लावला. सगळं जागच्या जागी. मालात खोट नव्हती हे मला दुपारीच कळलं होतं, पण हे फोनवर सांगून कुणाला पटत नाही. रात्री जाऊन उभं राहावं लागतं.

साडेदहाला ओपीडी रिकामी झाली. सुपरवायझरनं दोन पोरं लावली होती. त्यांनी स्ट्रिपर टाकला, वाट पाहिली, सिंगल डिस्क मशीनला काळा पॅड लावून घासलं, चिखल वेट व्हॅक्यूमनं ओढला. इथवर व्यवस्थित. मग एकदा ओला मॉप फिरवला आणि सुपरवायझर म्हणाला, “चला, कोट.” मी थांबवलं. खिशातली पीएचची पट्टी ओल्या फरशीवर टेकवली. पिवळी पट्टी क्षणात हिरवी होऊन निळ्याकडे गेली. डबीवरच्या रंगांशी लावून बघितलं: दहाच्या वर. पोरं वाकून बघत होती. एकानं विचारलं, हे प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखं असतं का. हसू आलं, पण मुद्दा त्याच्याच लक्षात आला होता: फरशी दिसायला स्वच्छ होती आणि तरी तिच्यावर काहीतरी होतं. स्ट्रिपर उरला असेल तर त्यावर पडणाऱ्या नव्या पॉलिशमधलं जस्त धरणार कुणाला? काढायचं औषध आधीच खाली अंथरलेलं. दोनदा साध्या पाण्यानं धुवायला लावलं, दर वेळी पाणी व्हॅक्यूमनं ओढायला लावलं. पट्टी पिवळी राहिली तेव्हा कोट.

दुसरी गोष्ट अकरा वाजता कळली. कॉरिडॉर रिकामा झाला की वीज वाचवायला एसी बंद. पावसाळ्याची ओल, दारं बंद, हवा ठप्प. अशा हवेत पाणी उडायला वेळ लागतो आणि तोवर ग्लायकॉल ईथरचा बराच भाग निघून जाऊ शकतो; कण मिसळायच्या वेळी मऊ करणारं कुणी उरत नाही. म्हणूनच भुकटी. यावर त्यांचा उपाय होता पेडेस्टल फॅन, थेट ओल्या फरशीवर रोखलेला. तो तर आणखी वाईट. वरची साय आधी धरते, खालचं ओलं आत कोंडतं आणि पट्टे उठतात. फॅन भिंतीकडे वळवून हवा नुसती फिरती ठेवायची, एसी ड्रायवर चालू ठेवायचा. एसीसाठी नाइट इन्चार्ज सिस्टरांची परवानगी मिळवताना जितका घाम गाळला तितका आख्ख्या तपासणीत गाळला नव्हता.

आणि मग कोट मारायला तिसरा माणूस आला. जालन्याकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. मॉप बादलीत बुडवून असा पिळला की तो ओला राहील पण ठिपकणार नाही. आधी कडेनं भिंतीलगत एक पट्टा ओढला, मग मध्ये इंग्रजी आठाच्या आकारात मागं मागं सरकत गेला. ओल्या कडेवर पुढचा हात पडायचा. सुकलेल्या कडेवर एकदाही नाही. एक लिटर माल चाळीस-पन्नास चौरस मीटर जावा असं आमच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. ते पत्रक त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण संपलेला माल आणि झालेला कॉरिडॉर यांचा हिशेब केला तर बरोबर तिथंच बसत होता. इतक्या पातळ हातानं ओला थर वीस मायक्रॉनचा पडतो आणि सुकल्यावर उरतात चार. असे पाच कोट झाले तरी सगळं मिळून वीस मायक्रॉन; माणसाचा केस याहून जाड असतो.

कोट सुकला की नाही हे त्यानं घड्याळात पाहिलं नाही. हाताची मागची बाजू फरशीला टेकवायचा. गार लागलं तर थांबायचं. मी विचारलं, तळवा का नाही? “तळव्याला कळत नाही, मॅडम. कामानं जाड झालाय.” दुसऱ्या कोटापासून तो भिंतीपासून वीतभर आतच थांबत होता. कारण विचारलं तर म्हणाला, भिंतीलगत कोण चालतं? तिथं झीज नाही. दर वेळी कोट चढवला तर तिथं नुसता पिवळा थर साचत जातो आणि काढताना तिथंच जास्त स्ट्रिपर, जास्त घासणं. आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगतात, पण कारणासकट सांगत नाहीत. त्यानं ते काढता काढता शिकून घेतलं होतं, कारण घालणाराही तोच आणि काढणाराही तोच.

त्या कॉरिडॉरला पुन्हा पट्टे आले नाहीत. साहेबांनी माल खराब असल्याचं विधान मागे घेतलं नाही, पुढची ऑर्डर मात्र दिली. धंद्यात एवढं पुरतं.

तेव्हापासून मी तक्रारीला जाताना बाटलीत सॅम्पल नेत नाही. पीएचची पट्टी, हायग्रोमीटर आणि टॉर्च नेते. सापडतं ते बहुधा ठरलेलंच: धुताना केलेली कसूर, कॉन्ट्रॅक्टरनं मालात घातलेलं पाणी, नाहीतर आधीचं काहीतरी. फिनाइलचा तेलकट थर राहिलेल्या फरशीवर पॉलिश जागोजागी आक्रसून गोल ‘डोळे’ पाडतं. जंतुनाशकातली क्वाट जातीची रसायनं धनभारित, आमचं इमल्शन ऋणभारित. न धुतलेल्या फरशीवर दोघांची गाठ पडली की चिकट माती. पाणी घालणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे. चौरस फुटामागे त्यांना जो दर मिळतो त्यात पाच कोट बसतच नाहीत, आणि दर ठरवणारा माणूस रात्री तिथं नसतो. काही ठिकाणी तर आम्हीच नको म्हणतो. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर आमचा माल धरत नाही, पोपडे निघतात. संगमरवराचं शास्त्र वेगळं. आणि हल्ली पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग घेऊनच येणाऱ्या शीटला वरून पॉलिश घालायचा आग्रह धरणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं.

2020 मध्ये मात्र असा डाग पाहिला जो कुणाच्याही पुस्तकात नव्हता. दर दारापाशी, लिफ्टपाशी सॅनिटायझरचा स्टँड लागला. महिन्याभरात प्रत्येक स्टँडखाली वाटीएवढा पांढरा, खडबडीत डाग. सॅनिटायझर म्हणजे बहुतांश अल्कोहोल. हातावरून ठिबकणारा प्रत्येक थेंब अ‍ॅक्रिलिक नरम करतो आणि त्यावरून लगेच चाक किंवा चप्पल जाते. गिऱ्हाइकं आमच्याकडे ‘सॅनिटायझर-प्रूफ’ पॉलिश मागू लागली. मी रेसिपीत बरंच काही करून पाहिलं, थोडा फरक पडलाही. पण खरा उपाय एका वॉर्डबॉयनं केला: स्टँडखाली स्टीलचं ताट.

जस्ताचं कौतुक करून झालं, आता त्याची दुसरी बाजू. स्ट्रिपरनं निघालेल्या राखाडी चिखलात ते सगळं जस्त असतं. आमच्या युनिटचं धुण्याचं पाणी ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, जातं, त्याची नोंद होते, प्रदूषण नियंत्रण बोर्डाचे लोक येऊन तपासतात. हेच जस्त ड्रममधून बाहेर पडून फरशीवर सहा महिने राहून आलं की मोरीत जातं आणि तिथं रजिस्टर नसतं. जस्त माणसाला थोडं लागतं, पण पाण्यातल्या माशांना आणि बारीक जिवांना ते विषारी आहे. वालधुनी नदीच्या काठच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही; पुलावरून जाताना काच वर करावी लागते तेव्हा कळतं. तिच्या दुर्दशेत आमच्या धंद्याचा वाटा नगण्य असेल. तरी कारखान्याच्या दारात संपणारी जबाबदारी मला पटत नाही, आणि माल जर फरशीवर पूर्ण होत असेल तर त्याचा कचराही आमच्याच मालाचा.

जस्ताशिवायची इमल्शनं आता बाजारात आहेत. आम्हीही एक घेऊन ब्लेंड बसवलं. कार्डावर ग्लॉस दोन-तीन अंकांनी कमी येतो; तो डोळ्याला दिसत नाही, मीटरला दिसतो. धुणं सोसतं. बुटांच्या काळ्या खुणा लवकर उठतात, हे मान्य करायला हवं. किंमत लिटरमागे जास्त. खरी परीक्षा निघण्याची: जस्त नाही, म्हणजे स्ट्रिपरला ओढून घ्यायला काही नाही, नुसत्या अल्कलीनं आणि सॉल्व्हंटनं थर किती सहज सुटेल हे लॅबच्या टाइलवर नीट कळत नाही, कारण तिथं सहा महिन्यांची पावलं पडलेली नसतात.

म्हणून त्याच हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा लिफ्टपलीकडचा अर्धा भाग मागून घेतला. पर्चेसच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, चमक तेवढीच राहील ना. मी हो म्हटलं. कोट मात्र जालन्याकडच्या त्या दादांनीच मारावेत अशी अट घातली, आणि साहेबांना ही अट भलतीच विचित्र वाटली. दादांनी पहिल्या रात्रीच सांगितलं, “हा माल मॉपाला हलका लागतो, पण वास कमी आहे. सुकला की नाही ते नाकाला कळणार नाही, हातानंच बघावं लागेल.” अमोनिया कमी असल्यानं तसं होणार हे मला कागदावर माहीत होतं. काढायची वेळ दिवाळीच्या आधीच्या रविवारी धरली आहे. दोन्ही अर्ध्या भागांना एकाच बादलीतला स्ट्रिपर, तेवढाच वेळ, तोच पॅड. आणि किती घासावं लागलं ते दादा सांगतील, मी लिहून घेईन.